आप्पांची पेटी आणि एकच पीडीएफ

जमीन ज्याच्या नावावर असते त्याच्यापेक्षा जमिनीचे कागद ज्याच्या पेटीत असतात त्याला आमच्या राजापूर तालुक्यात अधिक मान असतो, आणि आमच्या घरात हा मान आप्पाकाकांकडे आहे. त्यामुळे मुंबईच्या चुलतभावाने वकिलाला दाखवण्यासाठी ‘सगळे कागद स्कॅन करून एकच पीडीएफ पाठव’ असा निरोप धाडला, तेव्हा आधी आप्पांचे मन वळवावे लागले. माकडांनी कौले फोडली आणि पावसाचे पाणी थेट पेटीपाशी गळू लागले, म्हणूनच ते राजी झाले. तरीही एसटीत पेटी मांडीवर घेऊन ते स्वतः राजापूरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत आले.

रुमाल सोडताच डांबरगोळ्यांचा वास दुकानभर पसरला. मोडीतली खरेदीखते, १९४९ च्या कायद्याने खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याचा खोतांचा वंशपरंपरागत हक्क, गेली त्या वेळचे अर्ज, कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली त्या १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांची नावे लागल्याचे फेरफार आणि परवाचा संगणकीय सातबारा, अशा पिढ्या एकमेकांना गंजलेल्या टाचण्यांनी टोचून ठेवल्या होत्या. एका खरेदीखतातल्या चतुःसीमेपैकी पूर्वेची हद्द कसरीने खाल्ली होती. भाऊबंदांना इतक्या वर्षांत जे साधले नाही, ते तिने बिनबोभाट उरकले होते.

पुढची अडचण मापाची निघाली. स्टॅम्पपेपर १४ इंच लांब आणि स्कॅनरची काच ए-फोरची, म्हणजे २९७ मिलिमीटर; सुमारे सहा सेंटिमीटर कागद कुठून तरी बाहेर राहणारच. वरून सोडावा तर मुद्रांक जातो, खालून सोडावा तर साक्षीदार जातात. अखेर प्रत्येक दस्त दोन तुकड्यांत घेण्याचे ठरले, आणि आप्पांनी दोन्ही तुकड्यांत मधल्या ओळी आल्याची बोट फिरवून खात्री केली. आप्पांना सगळे रंगीत हवे होते, कारण लाल शाईचा शेरा काळा दिसला तर तो त्यांच्या लेखी शेराच नव्हे. परंतु ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ए-फोरचे एक रंगीत पान न दाबता ठेवले तर २६ एमबीच्या आसपास जाते, आणि जीमेल तर जोडणी म्हणून २५ एमबीच्या वर काही घेत नाही. शिक्के तेवढे रंगीत, बाकी सारे करड्या छटेत, आणि सगळ्यावर कॉम्प्रेशनचा दाब, असा तह झाला. तो होतो न होतो तोच लाईट गेली.

लाईट आल्यावर दुकानातल्या मुलाने सर्व फायली एकत्र जोडल्या. त्याने त्यांना १, २, ३ अशी साधी नावे दिली होती आणि त्याच्या संगणकाच्या हिशेबाने एकानंतर दहा येतो, मग अकरा, आणि दोनचा नंबर फार उशिरा लागतो. परिणामी त्या पीडीएफमध्ये आजोबांनी जमीन विकत घेण्याआधीच वडिलांनी ती गहाण टाकली होती, आणि कुळ लागल्यावर कित्येक पानांनी मूळ मालक जन्माला आला होता. ‘हा कागद कोर्टात गेला असता तर आपण खोतही नव्हतो नि कुळही नव्हतो,’ असे आप्पा म्हणाले. मुलाने नावांच्या आधी शून्य लावून ०१, ०२ केले, तेव्हा कुठे आमची वंशावळ सरळ झाली.

पीडीएफ मुंबईला पोहोचली आणि लगेच भावाचा फोन आला: त्याने नाव टाकून शोधले, काहीच सापडत नाही. पाने चित्रांची आहेत, त्यात अक्षरे नाहीत, हे मी त्याला समजावत असतानाच आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. ‘चौऱ्याऐंशीच्या फेरफाराची नक्कल काढ. पाठीमागे, डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने तुझ्या बापाचा हिस्सा लिहिलाय.’

पाठीमागची बाजू फाईलमध्ये नव्हतीच. नव्या, धडधाकट नकला त्या मुलाने फीडरमधून, म्हणजे कागद आपोआप ओढून दोन्ही बाजू टिपणाऱ्या खाचेतून, घातल्या होत्या आणि त्या यंत्रात कोरी पाने आपोआप गाळण्याची सोय चालू होती. पेन्सिलीची पुसट ओळ त्याने कोरीच धरली.

आता पाठीमागच्या बाजूंसाठी पेटी पुन्हा उघडायची आहे, आणि किल्लीसाठी आप्पांनी नवी अट घातली आहे: भावाने स्वतः मुंबईहून यावे आणि येताना फीडर नसलेला स्कॅनर घेऊन यावे.