असू दे, लागेल!

गणपती तोंडावर आले की घरात एकच प्रश्न: मखर कुठंय? माळ्यावर. माळ्यावर कुठे? "असेल तिथेच!" मग मी स्टुलावर, नाकातोंडात धूळ, आणि खालून अखंड सूचना. 'दिवाळी' लिहिलेल्या खोक्यातून काय निघावं? संक्रांतीच्या वाणाच्या उरलेल्या वाट्या, कुणाच्या तरी लग्नातल्या मुंडावळ्या आणि झुरळांनी कुरतडलेला आकाशकंदील! कंदिलाच्या झिरमिळ्या तेवढ्या शाबूत, त्याही चिकट.

आणि ती लाइटची माळ! कोण गुंडाळतं हो ती अशी? सोडवेपर्यंत अनंत चतुर्दशी उजाडते. लावली तर अर्धीच पेटते. टाकू? छे! "अर्धी चालते ना?"

राज्यात थर्माकोलच्या मखरांवर २०१८ मध्ये बंदी आली. आमच्या माळ्यापर्यंत ती पोचलीच नाही. ते मखर तिथेच, दरवर्षी भुगा सांडत. वापरायचं नाही, टाकायचं नाही, मग ठेवायचं कशाला? आठवण म्हणे! कसली? सोनेरी कागद निघाल्याची?

शेवटी झाकणाचे मोठे पारदर्शक डबे आणले, प्रत्येकावर सणाचं नाव चिकटवलं. आज 'गणपती'त पोहे आहेत, 'दिवाळी'त वर्षाचे गहू. आणि सणांचं सामान? पिशवीत. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. माळ्यावर. असेल तिथेच!