चाकालताया ‘निसर्गाच्या चक्रात’ गेली नाही

बोलिव्हियातल्या चाकालताया डोंगराचे दोन फोटो शेजारी शेजारी लावलेला एक मजकूर फिरतोय. एकात बर्फाच्या उतारावर स्की करणारी माणसं, दुसऱ्यात नुसते दगड. खाली चार वाक्यं: हा बर्फ स्कीवाल्यांनीच घासून संपवला. हिमनद्या येतात-जातात, हे निसर्गाचं चक्र आहे. शास्त्रज्ञ उगाच घाबरवतात. आणि गेलं ते मूठभर श्रीमंतांचं खेळाचं मैदान, त्यात हळहळण्यासारखं काय?

यातल्या दोन वाक्यांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच मजकूर पटकन पटतो. त्यामुळे नीट उत्तर द्यायला हवं.

आधी जागा समजून घेऊ. ला पाझ शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर, 5,300 मीटरच्या आसपासचा हा उतार, एकेकाळी चाकालताया याच नावाच्या हिमनदीने झाकलेला. एव्हरेस्टचा बेस कॅम्प साधारण याच उंचीवर आहे. 1930च्या दशकात इथवर अरुंद रस्ता खोदला गेला आणि 1939 मध्ये मोटारीचं इंजिन लावून फिरता दोर बसवला. दोर धरायचा, तो तुम्हाला वर ओढून नेणार. दक्षिण अमेरिकेतला असा हा पहिलाच दोर, आणि त्याचा वेग इतका की नवख्याला धडकी भरावी. देशातलं हे एकमेव स्की केंद्र होतं, आणि दोराची सोय असलेलं जगातलं सर्वांत उंच.

स्कीने बर्फ संपल्याची गोष्ट लगेच निकालात निघते. दोर चालायचा नोव्हेंबर ते मार्च, तोही शनिवार-रविवारी. शेजारच्या वायना पोतोसी शिखरावरची सोंगो हिमनदी 1991पासून मोजली जातेय. तिथे दोरही नाही, स्की केंद्रही नाही, तरी तीही मागे हटतेय.

आता निसर्गाचं चक्र. काही शतकांपूर्वीचा थंड काळ सरल्यावर अँडीजमधल्या हिमनद्या आपसूक आकसू लागल्या होत्या, हे खरं. एल निनोचा, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी काही वर्षांनी तापतं त्याचा, वाटाही खरा. पण या दोन गोष्टी मान्य करून हिशेब पुरा होत नाही.

उष्ण कटिबंधातली हिमनदी आपल्या डोक्यातल्या हिमालयासारखी वागत नाही. तिथे हिवाळ्यात साठवायचं आणि उन्हाळ्यात वितळायचं, अशी विभागणी नाही. हिम पडण्याचे आणि सर्वांत जास्त वितळण्याचे महिने एकच, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. ताजं पांढरं हिम पडलं की ते ऊन परतवतं आणि खालचा बर्फ वाचतो. एल निनोच्या वर्षी पाऊस-हिम उशिरा येतं किंवा कमी पडतं. मग जुना, मळकट बर्फ ऐन कडक उन्हात उघडा पडतो आणि ऊन पिऊन घेतो. असे फटके चाकालतायाची हिमनदी पूर्वीही खात आली होती. ती सुमारे 18 हजार वर्षं जुनी मानली जाते. फटक्यानंतर सावरायला मात्र बर्फ साठण्याइतकी थंड जागा वर शिल्लक लागते. 1939पासून मोजलं, तर पुढच्या सुमारे 70 वर्षांत उष्णकटिबंधीय अँडीजमधली हवा 0.7 अंशांच्या आसपास तापली. ज्या उंचीच्या वर वर्षाअखेर बर्फ शिल्लक उरतो, ती रेषाच चाकालतायाच्या माथ्यावरून वर निघून गेली. आवक बंद, जावक चालू. हिमनदी लहान झाली तशी भोवतालच्या उघड्या खडकांची धगही तिला लागू लागली.

म्हणून वेग बघायला हवा. 1940 मध्ये तिचं क्षेत्र 0.22 चौरस किलोमीटर होतं, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम 55 एकर. 1983नंतर बर्फ घटण्याचा वेग आधीच्या दशकांच्या तिप्पट ते पाचपट झाला. 1992 ते 1998 या सहाच वर्षांत दोन तृतीयांश बर्फ गेला. 2007 मध्ये उरले अडीच एकर. जुन्या थंड काळानंतरचं हे नुसतं आकसणं असतं, तर वेग मंदावत जायला हवा होता. इथे तो वाढला.

‘शास्त्रज्ञ घाबरवतात’ हे वाक्य तर या डोंगराबाबत उलटं आहे. बोलिव्हियाचे हिमनदीतज्ज्ञ एदसोन रामिरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं वर जाऊन मोजमाप केलं आणि 1998च्या स्थितीवरून सांगितलं, की ही हिमनदी पंधरा वर्षांत नाहीशी होऊ शकते. ती 2009 मध्येच संपली. अंदाज चुकला असेल तर सौम्य बाजूला.

राहिला श्रीमंतांचा खेळ. स्की हा तिथे थोड्यांचाच छंद होता, मला ते नाकारायचं नाही. पण या डोंगरावरून मिळालेलं सगळं तिथल्या स्की क्लबापुरतं नव्हतं. 1947 मध्ये ब्राझीलचे भौतिकशास्त्रज्ञ सेझार लातेस यांनी इथेच अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांसाठी फोटोग्राफिक पट्ट्या ठेवल्या आणि पायॉन या अणूहूनही सूक्ष्म कणाच्या शोधाला बळकट पुरावा मिळाला. तिथली वैश्विक किरणांची प्रयोगशाळा अजून चालू आहे. क्लबाची इमारतही उभी आहे. पर्यटक गाडीने तिथवर येतात आणि दगडांवरून माथ्यापर्यंत चालतात. एखाद्या वेळी हिम पडलं तर तेवढ्यापुरती स्की होते, पण खाली धरून ठेवणारा बर्फच नाही.

आणि पाणी. चाकालताया इतकी लहान होती, की शहराच्या पाण्यात तिचा वाटा नगण्यच. पण तिच्या आजूबाजूच्या मोठ्या हिमनद्या ला पाझ आणि त्याला लागूनच्या एल आल्तो शहराला वर्षभराच्या पाण्यातलं सुमारे 15 टक्के पाणी देतात, कोरड्या महिन्यांत सुमारे 27 टक्के. नोव्हेंबर 2016 मध्ये ला पाझमधल्या कित्येक वस्त्यांचे नळ कोरडे पडले आणि लोक टँकरसमोर भांडी घेऊन उभे राहिले. ती टंचाई मुख्यतः दुष्काळाची आणि ढिसाळ नियोजनाची होती, तिचं खापर हिमनद्यांवर फोडणं चूक ठरेल. मात्र अशा कोरड्या वर्षी डोंगरावरून जी भर पडायची, ती देणाऱ्या हिमनद्या चाकालतायाच्याच वाटेवर आहेत, फक्त आकाराने मोठ्या म्हणून मागे.