दुखलं तर डावा हात वर करा

डावीकडची खालची दाढ, रूट कॅनल, दुसरी सिटिंग. पार्श्वभूमी एवढी पुरे. दाढेबद्दल माझी काहीच तक्रार नाही, दाढ छान झालीय म्हणतात. तक्रार वेगळी आहे, ती काल घरी सांगायला घेतली तर बायको अर्ध्यातच हसत किचनमध्ये निघून गेली, म्हणून इथे लिहितोय.

झालं असं की खुर्चीत आडवा होताना मी फोन पोटावर ठेवला आणि माझ्या फोनच्या कव्हरवर लाल रंगात मार्व्हलच्या स्कार्लेट विचचा, म्हणजे वांडाचा, तो टोकदार मुकुट आहे. (भाच्याने गिफ्ट दिलंय असं ऑफिसात सांगतो. मीच घेतलंय, 249 रुपयांना, वय वर्षं 41.) डॉक्टरांनी ग्लोव्हज चढवता चढवता ते बघितलं आणि एकदम खूश झाले.

"अरे वा, वांडाव्हिजन! माझी तीनदा झालीय."

"माझी चार," मी म्हटलं. उगाच म्हटलं. इथे स्पर्धा लावायची काही गरज नव्हती.

"पण एक सांगू का, ती विच-बिच काही नाही हां. सगळं सायन्स आहे. तोंड उघडा."

आता तोंड मी उघडणारच होतो, उत्तर द्यायला. त्याच उघड्या तोंडात सुई गेली आणि पाच-दहा मिनिटांत अर्धा ओठ, अर्धी जीभ आणि माझी अख्खी बाजू बधिर.

ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. 2021च्या जानेवारी ते मार्चमध्ये आलेली 9 एपिसोडची सिरीज. जोडीदार गेल्याच्या दुःखात वांडा न्यू जर्सीतलं वेस्टव्ह्यू नावाचं अख्खं गाव जादूने झाकून टाकते आणि आत जुन्या अमेरिकन सिटकॉमसारखा संसार थाटते, तोच नवरा होऊन परत, जुळी पोरं, शेजारीण, मागून हशा, सगळं. आणि तिची ही ताकद आली कुठून यावर लोक तेव्हापासून भांडतायत. 2015च्या अल्ट्रॉनवाल्या सिनेमात सांगितलं होतं की हायड्रा नावाच्या खलनायकी टोळीने लोकीच्या राजदंडातला शक्तिशाली स्टोन वापरून तिच्यावर आणि तिच्या भावावर प्रयोग केले, म्हणजे लॅबमधला मामला. मग आठव्या एपिसोडमध्ये अगाथा, म्हणजे तीच शेजारीण, जी खरी चेटकीण निघते, तिला तिच्याच आयुष्यातून फिरवून आणते आणि सांगते की बाई गं, तुझ्यात ते लहानपणापासूनच होतं, वाळून गेलं असतं, स्टोनने नुसतं वाढवलं. वाढवलं. दिलं नाही. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्या हातात ड्रिल देऊ नये असं माझं मत आहे.

"कसंय, स्टोन म्हणजे एनर्जी," डॉक्टर माझ्या दाढेशी बोलत होते, "एनर्जी म्हणजे फिजिक्स, विषय संपला. जरा मोठा आ करा."

मी आ केला.

"बघा, तुम्हालाही पटतंय."

सुरुवातीलाच त्यांनी सांगून ठेवलं होतं, दुखलं तर डावा हात वर करा, लगेच थांबतो. त्या खुर्चीत पेशंटला दिलेला हा एकमेव अधिकार. तर ते म्हणाले, "आठव्या एपिसोडमध्ये अगाथा स्वतः कबूल करते की स्टोननेच पॉवर दिली." आणि माझा डावा हात वर गेला. म्हणजे मी नाही केला, तो गेला. शाळेत बाईंनी चुकीची तारीख सांगितली की जायचा तसा.

ड्रिल थांबलं. "दुखतंय? थांबा, थोडं अजून देतो." आणि दुसरं इंजेक्शन. तोपर्यंत मला निदान "उं-हूं" तरी जमत होतं, नापसंतीचा स्वर लावता येत होता. तेही गेलं. पुन्हा ड्रिल सुरू, पुन्हा फिजिक्स सुरू. दहा मिनिटांनी ते म्हणाले की अगाथाचा तो कधीच न दिसणारा नवरा रॉल्फ हाच मेफिस्टो, म्हणजे मार्व्हलचा सैतान, होता, शेवटी आयत्या वेळी बदललं. मी हात वर. "अजूनही जाणवतंय? सेन्सिटिव्ह आहात हो तुम्ही." अजून अर्धं. मग मी हात मांडीखाली दाबून ठेवला. कारण हिशोब सरळ होता, दर हरकतीमागे माझं थोडं थोडं तोंड कमी होत होतं.

त्याच आठव्या एपिसोडमध्ये अगाथा वांडाला तळघरात अडकवते तेव्हा भिंतींवर चिन्हं चमकतात. रून्स. नियम असा, की ज्या जागेत ज्या चेटकिणीने रून्स लिहिले तिथे फक्त तिचीच जादू चालणार. हे मी चार वेळा बघितलं, पण समजलं काल, खुर्चीतून वर बघताना. समोरच्या भिंतीवर बीडीएस, मग एमडीएस, मग कुठल्याशा वर्कशॉपचं सर्टिफिकेट, मग लहान मुलाच्या हातात ब्रश दिलेलं पोस्टर. चार भिंती पॅक. इथे माझं काय चालणार होतं?

नाहीतर माल भरपूर होता हो माझ्याकडे. वांडा पहिल्यांदा आली 1964च्या एक्स-मेन कॉमिकच्या चौथ्या अंकात, तेव्हा ती म्युटंट होती, म्हणजे शक्ती जन्मतःच अंगात, आणि तिच्या हेक्सने भलत्यासलत्या अशक्य गोष्टी घडायच्या. मग पुढे त्याच कॉमिक्सवाल्यांनी तिला अगाथाकडे शिकवणी लावली आणि विच केली. मग ती केऑस मॅजिक वापरते असं ठरलं. मग 2004मध्ये डॉक्टर स्ट्रेंज येऊन म्हणतो की केऑस मॅजिक असं काही नसतंच! ज्याचं अख्खं घर मंतरलेल्या पुस्तकांनी भरलंय तो माणूस हे म्हणतो. पण तोही डॉक्टरच म्हणा. आणि 2021च्या सिरीजमध्ये अगाथा परत ठणकावून सांगते की हेच केऑस मॅजिक. थोडक्यात, खुद्द लिहिणाऱ्यांचं साठ वर्षांत एकमत नाही, आणि आमचे डॉक्टर दोन रुग्णांच्या मधल्या वेळात निकाल देऊन मोकळे.

मेफिस्टोचं मात्र मी फार ताणत नाही. कारण तिथे माझं जुनं दुखणं आहे. तेव्हा वर्क फ्रॉम होम होतं, शुक्रवारी दुपारी दीडला एपिसोड पडायचा, मी ऑफिसचा कॉल म्यूट करून बघायचो आणि वहीत टिपणं काढायचो. खरोखरची वही, दोनशे पानी. अगाथाच्या ब्रोचवर तीन बायकांची आकृती आहे, टिप. पडद्यावर माशी बसली, टिप. सेन्यॉर स्क्रॅची हा ससा नसून सैतान आहे, टिप, दोनदा अधोरेखित. कुणीतरी "डेव्हिल" शब्द नुसता उच्चारला तरी मी पॉज करायचो. आणि याला आधार होता हो, वेड नव्हतं, कॉमिक्समध्ये 1989च्या सुमारास वांडाची जुळी पोरं ही मेफिस्टोच्याच आत्म्याचे तुकडे निघाली होती. म्हणजे येणार तर तो येणारच होता. नववा एपिसोड संपला, शेवटची पाटी गेली, तो आला नाही. रॉल्फ निघाला एक साधा रिकामटेकडा इसम. वर आम्हालाच ऐकवलं की तुम्हीच जास्त अपेक्षा केल्या. आणि मेफिस्टो आला कधी? 2025मध्ये, आयर्नहार्ट नावाच्या दुसऱ्याच सिरीजच्या शेवटच्या एपिसोडमध्ये, साशा बॅरन कोहेन या नटाच्या रूपात, पिझ्झाच्या दुकानात बसून. आपल्याकडच्या लग्नाला पंगत मांडून वाट बघावी आणि पाहुण्याने चार वर्षांनी शेजाऱ्यांच्या बारशाला येऊन जेवून जावं, तसं. वही अजून आहे माझ्याकडे. मधली पानं दूधवाल्याच्या हिशोबाला गेली.

असो. खुर्चीत परत येतो.

सक्शनची नळी धरायला एक असिस्टंट ताई होत्या, पन्नाशीच्या. तिने सिरीज बघितलेली नाही, पण डॉक्टर पेशंटागणिक ही कथा सांगत असावेत, कारण कीर्तनाला बसल्यासारखी ती मध्ये मध्ये "मग?" म्हणत होती. आणि तिचे प्रश्न आम्हा दोघांपेक्षा बरे होते, हे मला कबूल करावं लागेल.

"म्हणजे नवरा मेला म्हणून हिने अख्ख्या गावाला कामाला जुंपलं?"

"जुंपलं असं नाही, ताई, तिला स्वतःला माहीत नव्हतं सुरुवातीला."

"कसं माहीत नाही? गावात दूध कोण घालत होतं, पोरांचे कपडे कोण धूत होतं ते दिसत नव्हतं होय?"

डॉक्टर थांबले. ड्रिलही थांबलं. मी डोळे मिटून मनात टाळी दिली. मग ती म्हणाली, "बरं ते जाऊ दे. ती पोरं? गाव सुटल्यावर ती कुठं गेली?"

"पोरं नव्हतीच ना खरी. हेक्सबरोबर, गावावरच्या त्या जादूच्या झाकणाबरोबर, गायब. सायन्सच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नव्हती."

तिचा हात असा खाली आला. नळी माझ्या गालाला चिकटून फर्रर्र वाजत राहिली. "नव्हतीच?" ती म्हणाली. आणि मला माहीत होतं! त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, की एक पोरगा, बिली, परत आला, 2024च्या अगाथाच्या सिरीजमध्ये, दुसऱ्याच एका मुलाच्या शरीरात शिरून, आणि मग त्याने भावालाही जागा शोधून दिली. तिला सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं तिला. मी जीव तोडून म्हटलं, "आहे! बिली! आला!" बाहेर आलं ते असं काही, "आऽये, इई, आआ."

"चूळ भरायचीय का?" तिने विचारलं आणि प्लॅस्टिकचा ग्लास दिला.

सहाव्या एपिसोडमध्ये एक जाहिरात येते, यो-मॅजिक नावाच्या दह्याची. बेटावर अडकलेलं उपाशी पोर, हातात दह्याचा कप, पण वरचं झाकण काही उघडत नाही, आणि पोर तिथल्या तिथे वाळून सांगाडा होतं. ती जाहिरात कशाबद्दल आहे यावर खूप काथ्याकूट झालाय. मला ती आता समजलीय. पण चूळ भरताना पाणी सगळं शर्टावर आलं, कारण अर्धा ओठ माझा नव्हता, आणि मुकुटवाल्या कव्हरवरही पडलं.

बाहेर काउंटरवर साडेसहा हजार. मी कार्ड काढलं. साडेसहा हजार देऊन मी पंचेचाळीस मिनिटं एका चुकीच्या माणसाचं ऐकून घेतलं होतं आणि त्याला आजन्म वाटत राहणार की मला पटलं. याचा खरंच राग येतो. थट्टा करतोय मी, पण येतो. डॉक्टर आतून ओरडले, "नेक्स्ट टाइम अगाथाचं बोलू!" आणि दोन तास काही खाऊ नका.

आणि मग रिक्षात, ब्रिजवर, ट्रॅफिकमध्ये, उत्तर सुचलं. नेहमी तिथेच सुचतं. दातांच्या डॉक्टरला दातांच्या भाषेत द्यायला हवं होतं: अक्कलदाढ! अक्कलदाढ काय कोणी बाहेरून आणून बसवतं का? ती हिरडीखाली जबड्यातच तयार होते, कित्येक वर्षं दिसत नाही, वेळ आली की वर येते आणि घर डोक्यावर घेते. वांडाची जादू तशी. स्टोन म्हणजे फक्त हिरडीला पडलेली चीर. इतकं चपखल सुचलं की मी एकटाच "हा!" केलं, रिक्षावाल्याने आरशातून बघितलं, आणि मी लगेच क्लिनिकच्या व्हॉट्सअॅप नंबरवर टाइप केलं: "डॉक्टर, तुम्ही अक्कलदाढेचा विचारच केला नाही. ती आधीपासून आतच होती. आता सगळं नीट समजेल तुम्हाला."

दोन निळ्या टिका आल्या. टायपिंग दिसलं. माझा बधिर ओठसुद्धा थरथरला असावा.

"नमस्कार सर, अक्कलदाढेसाठी आधी एक्स-रे काढावा लागेल. उद्या सकाळी 11ला येऊ शकता का? येताना काहीतरी खाऊन या, इंजेक्शन द्यावं लागेल."