घासलेली कॅसेट

सुध्या कट्ट्यावर आला तो मोबाइल पुढे धरूनच. "बघा, आली यादी! लोकांचे सगळ्यात आवडते सिनेमे, कमाईवरून लावलेले!" ती यादी आम्ही सगळ्यांनीच सकाळी पाहिली होती, आणि सुध्या सोडून सगळ्यांचंच डोकं फिरलं होतं. त्याला पटली, कारण तीत आकडे होते. आकडा मिळाला की सुध्याला सिनेमा बघायचीही गरज उरत नाही.

"पहिल्या तीन दिवसांची कमाई," तो म्हणाला. "लोकांनी खिशातून पैसे काढले, विषय संपला."

अण्णा कडेला बसले होते. त्यांनी ऐन व्हीसीआरच्या काळात कैक वर्षं कॅसेट लायब्ररी चालवलेली. लोकांना काय आवडतं हे त्यांच्याइतकं आमच्यात कुणालाच कळत नाही.

"पहिले तीन दिवस लोक पोस्टर बघून जातात रे," अण्णा म्हणाले. "सिनेमासाठी जातात ते चौथ्या दिवसापासून."

बाळ्यानं मला टाळी दिली. "आणि 'शोले'? 15 ऑगस्ट 1975 ला लागला, तेव्हा धंद्यातली माणसं पडला म्हणून मोकळी झाली होती. तोच मिनर्व्हाला पाच वर्षं चालला. फिल्मफेअरसुद्धा एकच मिळालं, तेही संकलनाचं, एम. एस. शिंद्यांना."

"एखादा अपवाद असतो," सुध्या.

"मग मोजत बस अपवाद," अण्णा म्हणाले. "1994 चा 'शॉशँक रिडेम्प्शन'. अडीच कोटी डॉलर घातले, पहिल्या फेरीत दीड कोटीच्या जरा वर आले. ऑस्करची सात नामांकनं, हातात शून्य. नंतर लोकांनी तो कॅसेटवर पाहिला, टीव्हीवर पाहिला, आणि आज जो तो सांगतो, माझा सगळ्यात आवडता. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' तर 1946 चा. आपटला. पुढे 1974 मध्ये कुणीतरी कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं विसरलं. टीव्हीवाल्यांना फुकटात सिनेमा मिळाला, दर नाताळात लावायला लागले, आणि लोक त्याच्या प्रेमात पडले. कुणाची जाहिरात नव्हती, कुणाचा प्रीमियर नव्हता. तुझ्या यादीत कुठल्या रकान्यात बसवशील त्याला?"

सुध्यानं मोबाइलवर बोट फिरवलं. "तो यादीत नाहीये."

"तेच म्हणतोय मी."

मी मध्ये पडलो. 1939 सालचं तिकीट आणि आजचं तिकीट एका तराजूत कसं घालणार? महागाईचा हिशेब धरला तर 'गॉन विथ द विंड' अजून सगळ्यांच्या वर आहे. यावर सुध्याचं उत्तर असं की तो फार जुना आहे. म्हणजे पैसा हाच पुरावा, पण पैसा जुना असला की बाद!

एक मुद्दा मात्र सुध्यानं बरा काढला, हे कबूल करायला हवं. "'जॉज' घ्या. जून 1975, टीव्हीवर जाहिरातींचा मारा आणि अमेरिकेत चारशेवर थिएटरांत एकदम. पहिल्या आठवड्याचा धंदा तिथूनच सुरू झाला."

"लोक आले जाहिरातीनं," अण्णा म्हणाले, "पण पाण्यात पाय घालायला घाबरायला लागले ते पिंपांमुळे."

मग अण्णांनी सावकाश सांगितलं. यांत्रिक शार्क समुद्रात उतरवला आणि खाऱ्या पाण्यानं तो बिघडला, रोजच बिघडायला लागला. 55 दिवसांचं चित्रीकरण 159 दिवसांवर गेलं. दाखवायला शार्कच नाही, म्हणून स्पीलबर्गनं काय दाखवलं? पाण्यावर सरकत येणारी पिवळी पिंपं, खाली दोन सुरांचं संगीत. पिंप क्षणभर थांबतं, वळतं, गप्पकन बुडतं. अण्णांनी ते तळहातानं करून दाखवलं आणि बाळ्यानं खरोखर पाय वर घेतले.

"घाबरट," सुध्या म्हणाला.

"तू बोलू नकोस! 'सायको' लागला तेव्हा हिचकॉकनं उशिरा येणाऱ्याला आत सोडू दिलं नव्हतं, शेवट सांगू नका म्हणून विनवलं होतं. आणि या गाढवानं मला मध्यंतराआधीच सांगितला! वीस वर्षं झाली, मी माफ केलेलं नाही."

"तुला आवाज ऐकून कळलंच असतं."

"नसतं कळलं!"

दोघांना आवरून अण्णा मूळ मुद्द्यावर आले. "कॅसेट परत आली की मी ती लावून बघायचो. लोक आवडतं दृश्य मागे घेऊन घेऊन बघतात, तिथे टेप घासते. पडद्यावर पांढऱ्या रेघा येतात. 'अशी ही बनवाबनवी'ची माझ्याकडची कॅसेट चार ठिकाणी घासली होती. 'बीवी और मकान' हा त्याचा मूळ सिनेमा, 1966 चा, हृषीकेश मुखर्जींचा. तो कुणी मागितल्याचं आठवत नाही. पण ज्याच्या कॅसेटला रेघा, तो लोकांचा सिनेमा. माझ्याकडे हा एकच आकडा."

कुणीच काही बोललं नाही. सुध्यासुद्धा.

मग अण्णांनाच काहीतरी आठवलं. "तुझ्याकडे माझी एक कॅसेट राहिली आहे रे, सुध्या. 'अंदाज अपना अपना'."

"1994 चा ना?" बाळ्या उठून बसला. "तो तर तेव्हा पडला होता! सुध्या, पहिल्या तीन दिवसांची कमाई सांग बरं."

सुध्याचा चेहरा लाल. "ती... घरी आहे. लावता येत नाही आता."

"का?"

"घासली आहे."

"किती ठिकाणी?"

"सगळीकडे."

अण्णा हसता हसता कट्ट्यावरून घसरायला आले. बाळ्या उलट्या बोटांनी लेट फीचा हिशेब करत होता, आणि सुध्या पुन्हा पुन्हा सांगत होता की परत द्यायला आलो होतो त्या दिवशी लायब्ररी बंद होती.