पिठलं-भाकरीचे दीडशे रुपये

सकाळी सकाळी डोकं फिरलं. आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एकानं कळसूबाईवरच्या झोपडीतल्या ताटाचा फोटो टाकलाय, खाली "पिठलं भाकरी दीडशे रुपये, सरळ सरळ लूट", आणि त्यावर वीस-पंचवीस जणांचे हसायचे इमोजी. अरे बाबा, सोलापुरात सात रस्त्याला एसीत बसून दोनशेची कोल्ड कॉफी पितोस तेव्हा लूट नाही होय रे?

कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, अख्ख्या महाराष्ट्रात याच्यावर शिखर नाही. पायथ्याच्या बारी गावातनं वर गाडी जात नाही, पायवाट आणि लोखंडी शिड्या. म्हणजे गॅसची टाकी, पीठ, कांदे, पाणी, सगळं कुणाच्या तरी डोक्या-खांद्यावरनं वर गेलंय. तू एक सॅक घेऊन दहादा बसलास ना?

मी दोन वर्षांपूर्वी गेलतो. रात्री सोलापुरातनं निघालो, करमाळा, नगर, संगमनेर, अकोले करत पहाटे बारीत. आपण सपाट मुलखातली माणसं, चढलो कसंबसं पण उतरताना पाय लटलट कापायला लागले. तिथंच एक झोपडी, कारवीचा कूड, वर निळी ताडपत्री. मावशी म्हणाल्या, "बसा दादा, आधी ताक घ्या, जेवणाचं मग बघू." मी ज्वारीची भाकरी आहे का विचारलं (सोलापूरकर, दुसरं काय विचारणार). हसल्या. "इथं कुठली ज्वारी, नागली हाये." गरम पाण्यात पीठ मळलेलं, थापताना कड फाटली की ओल्या बोटानं बुजवायच्या, तव्यावर टाकली की वरनं पाण्याचा हात. पिठल्याची खरवड पण काढून दिली, न मागता. मी डब्यातली शेंगाचटणी पुढं केली तर पोराला हाक मारली, "चाख रं." पोरगं पाणी पाणी करत पळालं आणि परत येऊन अजून मागितली.

हां, काही ठिकाणी अव्वाच्या सव्वा लावतात आणि बाटल्यांचा कचरा दरीत जातो, मान्य. पण त्या बाटल्या विकत कोण घेतं?

आता खरं सांगतो, नाहीतर उगा शहाणपणा शिकवल्यासारखं होईल. जेवण झाल्यावर मीपण म्हणालो, "मावशी, वीस कमी करा की." सवयच लागलीय जिभेला, मंडईतली. त्या काही बोलल्या नाहीत, पदराची गाठ सोडून वीसची नोट हातात दिली. आणि मी खाल्लेल्या तीन भाकरी, त्यांनी धरलेल्या दोनच, हे मला खालची शिडी उतरताना आठवलं. परत वर गेलो का? नाही गेलो. पाय दुखत होते म्हणे.

त्यामुळं फोटोवाल्या दोस्ता, तुझ्यावर अर्धाच चिडलोय, उरलेला अर्धा राग कुणावर ते कळलं असेल. फोटो मात्र काढून टाक.

डिसेंबरात परत जायचा विचार आहे, कोण कोण येतंय बोला. शेंगाचटणी अर्धा किलो मी घेतो, त्यातली थोडी कमी तिखट करून, पोरासाठी.