लेफ्ट टॅकलनंतर कोण?

२०२५ च्या चार जुलैला इथे ओहायोतल्या कोलंबसमध्ये एका मित्राच्या बॅकयार्डमध्ये कणसं भाजता भाजता जो वाद पेटला, तो फटाके संपून पोरं सोफ्यावर झोपून गेली तरी विझला नाही. विषय एकच, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल टीमची त्या हंगामाची डेप्थ, म्हणजे पहिल्या खेळाडूंमागे उभी असलेली राखीव फळी. पंधरा माणसं एकाच वेळी बोलत होती, त्यात मला माझं म्हणणं धड मांडता आलं नाही. म्हणून इथे लिहितेय. लांब झालंय, पण वाचा.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडं. हा अमेरिकन फुटबॉल, आणि ही कॉलेजची टीम. पण आमचं स्टेडियम १९२२ सालचं आहे आणि त्यात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. शनिवारी सामना असला की सगळ्या शहराचं वेळापत्रक त्याप्रमाणे हलतं. मी २०१३ मध्ये एम. एस. करायला आले तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आज माझ्या घरातली निम्मी भांडणं या टीमवरून होतात.

तर वाद असा. २०२५ च्या जानेवारीत अटलांटामध्ये नॉत्र डेम विद्यापीठाला ३४-२३ हरवून आपण राष्ट्रीय विजेते झालो. एप्रिलमध्ये त्याच टीममधले चौदा जण एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये निवडले गेले. बॉल फेकणारा, डाव चालवणारा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड गेला. हेंडरसन आणि जडकिन्स हे बॉल घेऊन पळणारे दोन्ही रनिंग बॅक गेले. डिफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीचे, चारच्या चार जण गेले. जिम नोल्स पेन स्टेटला गेले, चिप केली एनएफएलच्या रेडर्सकडे गेले, म्हणजे बचाव आणि आक्रमण बघणारे दोन्ही प्रशिक्षक, कोऑर्डिनेटर, बदलले. आणि ३० ऑगस्टला, पहिल्याच सामन्यात, टेक्सास आपल्या घरी येणार होतं.

एक गट म्हणत होता, काही होत नाही, आपल्याकडे फाइव्ह-स्टार पोरांची रांग लागलीय, एक गेला की दुसरा उभा. दुसरा गट म्हणत होता, एवढी माणसं गेल्यावर कुठली टीम टिकते, यंदा चार सामने हरणार. मला दोघांचंही पटलं नाही, कारण दोघंही फक्त नावं मोजत होते. हे स्टार मुलगा हायस्कूलमध्ये असताना मिळतात. सतराव्या वर्षी तो किती जोरात पळायचा, एवढंच त्यातून कळतं. ऑक्टोबरच्या एखाद्या रात्री परक्या मैदानावर शेजारच्याचा गुडघा गेला तर हा आत जाऊन काय करेल, हे त्या स्टारमधून कळत नाही.

मी विचारत होते की लेफ्ट टॅकलनंतर, म्हणजे क्वार्टरबॅकची डावी बाजू सांभाळणाऱ्यानंतर, कोण? हा प्रश्न तिथे कोणी मनावर घेतला नाही. बॉल झेलणारा रिसीव्हर कोण, क्वार्टरबॅक कोण, यावरच गाडी परत परत येत होती. रिसीव्हर जेरेमाया स्मिथ आहे हो, सगळ्यांनाच माहीत आहे, आणि तो मलाही जीव की प्राण आहे. पण बॉल त्याच्या हातात पोचायला क्वार्टरबॅकला तीन सेकंद उभं राहता आलं पाहिजे. ते तीन सेकंद त्याच्यापुढे उभी राहणारी आपलीच पाच दांडगी माणसं, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, मिळवून देतात: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. त्यांचे फोटो पोस्टरवर नसतात.

२०२४ आठवा. १२ ऑक्टोबरला ओरेगनमध्ये आपण ३२-३१ हरलो, आणि त्याच सामन्यात लेफ्ट टॅकल जोश सिमन्सचा गुडघा गेला. सगळा हंगाम गेला त्याचा. पुढच्या सामन्यात झेन मिचॉल्स्कीला त्या जागी उभं केलं, नेब्रास्काशी आपण घरच्या मैदानावर कसेबसे २१-१७ जिंकलो, आणि मिचॉल्स्कीही जखमी झाला. आता काय? तर डॉनोवन जॅक्सन, जो आतल्या बाजूला गार्ड म्हणून खेळायचा, त्याला लेफ्ट टॅकलवर सरकवलं. पहिलाच सामना पेन स्टेटमध्ये, आणि समोर अब्दुल कार्टर, जो पुढे ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला गेला. त्या दिवशी मी टीव्हीवर बॉल बघितलाच नाही. फक्त डावी बाजू बघत बसले होते. सुरुवातीला जॅक्सनला त्रास झाला. मग हळूहळू त्याचे पाय स्थिरावत गेले. सामना २०-१३ जिंकला, आणि शेवटची पाच मिनिटं आपण नुसतं पळत पळत घड्याळ संपवलं.

आता बघा. जॅक्सन टॅकलवर गेला म्हणजे गार्डची जागा रिकामी झाली. तिथे कार्सन हिन्झमन आला. नोव्हेंबरात सरावात सेंटर सेथ मॅक्लॉफलिनचा घोट्यामागचा स्नायूबंध तुटला, म्हणून हिन्झमन सेंटरला सरकला आणि त्याच्या जागी सीअरवेल्ड आणि मॉन्टगोमेरी आलटून पालटून खेळले. मिशिगनशी त्या लाइनने मार खाल्ला, १३-१० हरलो, त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणी जेवलं नाही. पण तीन आठवड्यांनी, विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये, तीच लाइन टेनेसीसमोर उभी राहिली, ४२-१७. मग रोझ बोलमध्ये ओरेगन ४१-२१. मग टेक्सास २८-१४. मग नॉत्र डेम.

या सगळ्यात हिन्झमनकडे नीट बघा. २०२३ मध्ये तो आपला सेंटर होता. हंगामाच्या शेवटी त्याला बसवलं. २०२४ साठी अलाबामाहून मॅक्लॉफलिनला आणलं, म्हणजे याची जागा गेली. आजच्या दिवसांत अशी जागा गेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी ट्रान्स्फर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलायच्या यादीत, दिसतो, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मी म्हणत नाही. हिन्झमन गेला नाही. तो थांबला, गार्डचं काम शिकला, आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात आपला पहिला स्नॅप, म्हणजे क्वार्टरबॅककडे मागे दिलेला बॉल, त्याच्या हातून झाला. डेप्थ डेप्थ म्हणून आपण घसा कोरडा करतो ना, ती माझ्या लेखी हा मुलगा आहे.

हे मी एवढं तळमळीने लिहितेय कारण मी स्वतः राखीव होते. नववीत आमच्या शाळेच्या खो-खो संघात. संघ बारा जणींचा, मैदानात नऊ, आणि मी उरलेल्या तिघींत. सराव नऊ जणींचा व्हायचा. आम्ही तिघी चुना टाकून रेषा आखायचो, कळशीतून पाणी आणायचो, पहिल्या तुकडीतल्या मुलींच्या घोट्याला क्रेप बँडेज बांधून द्यायचो. मी मन लावून बांधायचे. जिल्ह्याच्या सामन्यात आमच्या सगळ्यात चपळ मुलीचा पाय मुरगळला, आणि सर म्हणाले, जा. मी गेले. खांबाला वळसा घालून आले आणि पाठीवर हात टेकायच्या आतच खो देऊन बसले. फाऊल. पळणारी निसटली. दोन मिनिटांत असं तीनदा झालं. बसलेली मुलगी कधी उठते, किती पुढे झुकते, माझ्या आवाजाची तिला सवय आहे का, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मला खो-खो येत होता. त्या आठ जणींबरोबर खेळायला येत नव्हतं. तो सामना आम्ही हरलो. सरांना वाटलं मी घाबरले.

ऑफेन्सिव्ह लाइनचं अगदी हेच आहे. समोरचा धावून येतो, गार्ड त्याला अर्ध्यात टॅकलकडे सोपवतो आणि स्वतः दुसऱ्याला धरतो. न बघता, न बोलता. हा खोच आहे. हे सोपवणं आठवड्यामागून आठवडे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून येतं, फाइव्ह-स्टार असून येत नाही. म्हणून २०२५ साठी राइस विद्यापीठाहून आणलेला ओनिआन्वा आणि मिनेसोटाहून आणलेला फिलिप डॅनियल्स चांगले होते, असतील, पण त्यांना डेप्थ म्हणायला मी तेव्हा तयार नव्हते. हिन्झमन, मॉन्टगोमेरी, सीअरवेल्ड, चबोला हे चौघं परत आले होते, आणि माझी सगळी आशा त्यांच्यावर होती. चार सामने हरणार म्हणणाऱ्यांनी हे चौघं मोजलेच नव्हते.

आता क्वार्टरबॅककडे येते, कारण त्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. २०१४ मी इथे विद्यार्थी म्हणून जगलेय. ऑगस्टमध्ये, हंगामाला दोन आठवडे उरले नसताना ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला. जे. टी. बॅरेट आला, व्हर्जिनिया टेकशी घरच्या मैदानावर हरलो, मी रडले होते. मग बॅरेट सुटला तो सुटलाच. मिशिगनशी शेवटच्या सामन्यात त्याचा घोटा मोडला. उरला तिसऱ्या नंबरचा कार्डेल जोन्स. आयुष्यात कॉलेजचा एकही सामना तो सुरुवातीपासून खेळलेला नव्हता. पहिला खेळला तो विस्कॉन्सिनविरुद्ध, ५९-०. दुसरा अलाबामा, ४२-३५. तिसरा ओरेगन, ४२-२०, आणि राष्ट्रीय विजेतेपद. भारताने २०२१ मध्ये गाबावर ज्या खेळाडूंच्या जोरावर ऑस्ट्रेलियाला हरवलं ते आठवलं की मला जोन्स आठवतो. तिथेही सुंदर पदार्पण करत होता, आणि आपल्या पालघरचा शार्दूल त्याच्याबरोबर उभा होता.

आता २०२३ चा शेवट बघा. सबंध हंगाम खेळलेला काइल मॅकॉर्ड डिसेंबरात पोर्टलमध्ये गेला आणि सिरॅक्यूजला पोचला. कॉटन बोलमध्ये डेव्हिन ब्राउनला उतरवलं, त्याचा घोटा दुखावला. उरला लिंकन कीनहोल्झ, पहिल्या वर्षाचं पोर. मिझुरीने आपल्याला १४-३ हरवलं. त्या सामन्यानंतर कीनहोल्झबद्दल आपल्याच लोकांनी काय काय म्हटलं ते मला आठवतंय, आणि मला त्याचा अजून राग येतो. एवढ्या नवख्या मुलाला आपण किती तयार करून आत पाठवलं होतं, हे कोणी विचारलं नाही.

कीनहोल्झ तेव्हा गेला नाही. ब्राउन कॅलिफोर्नियातल्या कॅलला गेला, हा २०२५ मध्ये, तिसऱ्या वर्षीही, इथेच होता. बहुतेकांना वाटत होतं जुलियन सेयिनच क्वार्टरबॅक होणार, मलाही तसंच वाटत होतं. तिसरा क्वार्टरबॅक सेंट क्लेअर नुकताच आला होता. पण नोव्हेंबरात काही झालं तर आत जाणारा कीनहोल्झ असणार होता, आणि मला त्याच्यावर विश्वास होता. जो बरो इथे दुसऱ्या नंबरवर होता, २०१८ मध्ये एलएसयूला गेला आणि पुढच्याच हंगामात हाइझमन (सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) आणि विजेतेपद दोन्ही घेऊन बसला. त्याने योग्यच केलं. राखीव बसलेल्या माणसाने थांबावंच असा हट्ट मी कधी धरणार नाही. पण जो थांबतो, त्याला तो थांबला म्हणून कमी लेखणं तरी बंद करा.

आणि थांबणं आता फार महाग झालंय. जून २०२५ मध्ये कोर्टाने कॉलेजच्या खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. १ जुलै २०२५ पासून एका विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून पहिल्या वर्षी २०.५ दशलक्ष डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना देता येऊ लागले. मला हे मनापासून पटतं. एवढा पैसा या पोरांच्या गुडघ्यांवर उभा आहे, तो त्यांना मिळालाच पाहिजे. फक्त वाटताना पहिले अकरा बघून वाटू नका. डाव्या टॅकलमागे उभा असलेला दुसरा मुलगा दुसरीकडे पहिला होऊ शकतो, त्याला इथे का राहावं याचं उत्तर द्या. रिसीव्हरवरचे थोडे पैसे तिकडे वळवावे लागले तरी चालेल. बॅकयार्डमध्ये यावर मला हसले सगळे. २०२४ च्या हंगामात आपण सोळा सामने खेळलो हो, सोळा! एवढ्या सामन्यांत लाइनचे पाचच्या पाच धडधाकट राहतील असं कोण म्हणेल?

त्याच तडजोडीत दुसरी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. आधी शिष्यवृत्त्यांवर ८५ ची मर्यादा होती, पण शिष्यवृत्तीशिवाय खेळणारी वॉक-ऑन पोरं त्यावर कितीही घेता यायची. आता शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि सबंध टीमच १०५ वर आणली. जी पोरं आधीपासून टीममध्ये होती त्यांना सूट आहे. पण पुढे येणाऱ्यांसाठी दार बरंचसं मिटलं.

२०१४ च्या शरदात मी टीचिंग असिस्टंट होते. सकाळी आठच्या माझ्या मेकॅनिक्सच्या वर्गात असा एक वॉक-ऑन मुलगा बसायचा. बोटांना पांढऱ्या पट्ट्या, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, आणि वितळलेल्या पाण्याने त्याच्या वहीचे कोपरे नेहमी ओले. गृहपाठ कधी चुकवला नाही. सामन्यात तो दिसायचा नाही. त्याचं काम सरावात समोरची टीम बनायचं. त्या आठवड्यात ज्यांच्याशी सामना, त्यांच्या खेळाडूसारखं धावायचं, त्यांच्यासारखं धडकायचं, म्हणजे आपली पोरं तयार होतात. जोन्सला पहिल्यांदा उतरवायचं ठरलं त्या आठवड्यात तो लंगडत वर्गात आला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, या आठवड्यात मी विस्कॉन्सिन आहे.

डिसेंबरात फायनलचा पेपर संपला. सगळे गेल्यावर तो शेवटी पेपर द्यायला आला, अजून थोडा लंगडतच होता. मी विचारलं, आता कोण?

"अलाबामा," तो म्हणाला, आणि बर्फाची पिशवी उचलून निघाला.