शवप्रदर्शन दहा वर्षांनी, वाट दरवर्षी

जानेवारी २०२५ मध्ये जुन्या गोव्यातलं संत फ्रान्सिस झेवियरच्या पार्थिवाचं शवप्रदर्शन संपलं आणि तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर येतं: "आता पुढचं दहा वर्षांनी, तोपर्यंत जाऊन बघायचं काय?" गोंयच्या सायबाकडे, म्हणजे याच संताकडे, सिंधुदुर्गातून पायी जाणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटतं. शवप्रदर्शन म्हणजे दर दहा वर्षांनी येणारा विशेष प्रसंग. पण फेस्त, म्हणजे संताचा सण, दरवर्षी ३ डिसेंबरला असतं, त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, दरवर्षी २४ नोव्हेंबरला सुरू होते, आणि पायी जाणाऱ्यांची खरी यात्रा या नऊ दिवसांतली आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी काय दिसतं ते सांगतो, म्हणजे तिथे पोचल्यावर निराशा होणार नाही. एरवी बॉम जेजू चर्चमध्ये पार्थिव जवळून दिसत नाही. उजव्या बाजूच्या कपेलात (छोट्या प्रार्थनास्थानात) टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला, फोजिनीने घडवलेला संगमरवरी चौथरा आहे. तो १६९८ मध्ये बसवला. त्याच्यावर, मान मागे टाकून बघावी लागेल इतक्या उंचीवर, चांदीची पेटी आहे. ती गोव्याच्याच सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली. पेटीच्या अंगावर संत फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत. खालून ते नीट कळत नाहीत, म्हणून छोटी दुर्बीण असेल तर न्या. नाहीतर एका बाजूला उभं राहून डोळ्यांना तिथल्या उजेडाची सवय होऊ द्या. दोन मिनिटांनी एकेक आकृती सुटी दिसायला लागते. गर्दीबरोबर पुढे सरकत गेलेल्या माणसाला फक्त काळपट चांदी दिसते.

आता वाट. सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चपासून बांदा, पत्रादेवी, पेडणे, धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, पणजी, रायबंदर आणि जुनं गोवं, असं साधारण ६५ ते ७० किलोमीटर अंतर भरतं. तीन दिवस ठेवा. दोन दिवसांत उरकणारे गट आहेत, पण त्यातले निम्मे लोक शेवटच्या मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) बसल्याबसल्या झोपतात. अशा चालण्याला अर्थ नाही. पहिला मुक्काम पेडण्याच्या आसपास, दुसरा म्हापशात. म्हापशाचं सेंट जेरोमचं चर्चही मिलाग्रिस सायबिणीचंच, म्हणजे मरियामातेचं. सावंतवाडीच्या मिलाग्रिसकडून निघून म्हापशाच्या मिलाग्रिसकडे टेकायचं, हा मुक्काम चुकवू नये. मुक्कामाच्या जागेसाठी त्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) फादरना महिनाभर आधी कळवा. वीस माणसं अचानक दारात उभी राहिली तर त्यांनाही अवघड होतं.

नोव्हेंबर अखेरीस सूर्य साडेसहानंतर उगवतो. पाचला निघालात तर दीड तास अंधारात आणि तोही महामार्गावर. प्रत्येकाच्या अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट हवं, आणि रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल अशी एकेरी रांग हवी. जोडीजोडीने गप्पा मारत चालणं महामार्गावर बंद. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, नाहीतर रांग एक किलोमीटर लांबते आणि मागच्यांना विसावाच मिळत नाही: ते पोचतात तेव्हा पुढचे उठलेले असतात. वेग ताशी ४ किलोमीटर, दर तासाला दहा मिनिटं बसायचं, पाय वर करून. अकराला थांबा, साडेतीनला पुन्हा निघा.

सोबतची गाडी रांगेमागे रांगत आणू नका. मागे वाहनं तुंबतात, चालक वैतागून ओव्हरटेक करतात आणि धोका चालणाऱ्यांनाच. गाडी चार-पाच किलोमीटर पुढे जाऊन पाणी काढून थांबू दे. गाडीवर स्पीकर तर नकोच. तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायला आवाज पुरतो, आणि हॉर्न ऐकू येणं गरजेचं असतं.

सगळ्यात जास्त माणसं गळतात ती पायांमुळे. फोड येण्याची कारणं तीन: ओल, घर्षण, उष्णता. नवे बूट घालून येणाऱ्याला तर पत्रादेवीच्या आधीच फोड येतो. महिनाभर वापरलेले, अर्धा नंबर मोठे बूट घ्या, कारण दुपारपर्यंत पाय सुजतो. जाड सुती मोजा घाम शोषतो आणि ओलाच राहतो. पातळ, लवकर सुकणारे तीन जोड घ्या आणि प्रत्येक मोठ्या थांब्यावर बदला. निघण्याआधी बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलीन. नखं आठवडाभर आधी कापा, आदल्या रात्री नको. एखादी जागा चुरचुरली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. 'पुढच्या थांब्यावर बघू' म्हटलं की फोड आलाच. आलेला फोड कापू नका. फारच ताणला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या. मधुमेह असलेल्यांनी फोडाला स्वतः हात लावू नये आणि रोज रात्री तळवे दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत.

अनवाणी चालण्याची आंगवण (नवस) अनेकांची असते. तिचा मान ठेवून सांगतो: दुपारच्या डांबरावर ती पाळू नका. तळवा भाजला की पुढचे दोन दिवस गेले. ती रायबंदरला पाळा. पणजीहून रायबंदरकडे जाणारा पोर्तुगीज बांध १६३३-३४ सालचा, सुमारे तीन किलोमीटरचा. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. सकाळी तो थंड असतो. चपला तिथे काढून हातात घ्याव्यात आणि जुन्या गोव्यापर्यंत चालत जावं. मात्र बांध अरुंद आहे, बसेस अगदी अंगाजवळून जातात. मुलांना आतल्या बाजूला ठेवा.

पाणी नुसतं पिऊ नका. एक लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचे सपाट चमचे. मीठ अंदाजाने टाकलं तर उलट्या होतात.

कुमसार (फादरपुढे पापांची कबुली) आपल्या पॅरिशमध्येच करून निघा. २ आणि ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात त्यासाठी लांब रांगा असतात, आणि थकलेल्या मनाला नीट आठवत नाही. माझं स्पष्ट मत: पायी येणाऱ्यांनी फेस्ताच्या दिवशी पोचण्याचा हट्टच सोडावा. नोव्हेनेतला मधला एखादा कामाचा दिवस धरा. मिस्सा बाहेरच्या मांडवात निवांत ऐकता येते, प्रवचन कानावर पडतं, कपेलासमोर उभं राहायला वेळ मिळतो. ३ तारखेला यातलं काहीच मनासारखं होत नाही.

मेणाचे पाय, हात, घरं विकणारे बाहेरच असतात. नवस असेल तर घ्या, पण मेणबत्ती आत पेटवू नका, त्यासाठी बाहेर जागा असते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. चालताना घातलेली हाफ पँट तिथे चालत नाही, म्हणून एक लुंगी किंवा पायजमा पिशवीत हवाच.

परत पायी येऊ नका. करमळी स्टेशन जवळ आहे, तिथून सावंतवाडी रोडला गाड्या मिळतात. सगळ्याच थांबत नाहीत, वेळ आधी बघून ठेवा. पिशवीत सैल चपला ठेवा, कारण थोडा वेळ बसून उठल्यावर सुजलेला पाय बुटात जात नाही.